लोह, ताण आणि प्रतिजैविकांचा वाद: पार्श्वभूमी

घटसर्पाचे जिवाणू लोह कमी पडले की जास्त विष बनवतात, हे १९३०च्या दशकातच कळले होते. १९४४ मध्ये कोंबडीच्या अंड्यातला कच्चा पांढरा भाग जिवाणूंची वाढ थोपवतो आणि लोह मिसळले की ती पुन्हा सुरू होते, असे दिसले. दोनच वर्षांत रक्तातही लोह धरून ठेवणारे तसेच प्रथिन सापडले. ते लोह हिसकावून आणणारे जिवाणूंचे छोटे रेणू, म्हणजे सिडेरोफोर, आणि पेशीत लोह पुरेसे झाले की आयात थांबवणारे 'फर' प्रथिन, ही त्यापुढची कहाणी.

आयात थांबवावी लागते, कारण मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटले की हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय क्रियाशील कण तयार होतो आणि तो डीएनए फोडतो. पांढऱ्या पेशी नेमके हेच पेरॉक्साइड जिवाणूंवर सोडतात. त्यामुळे लोहाचा हिशेब चुकला की उपासमार तरी होते, नाहीतर आतूनच जळणे.

२००७ मध्ये याच धाग्यावरून मोठा दावा झाला: जिवाणू मारणारी तीन वेगवेगळ्या गटांतली प्रतिजैविके शेवटी याच रॅडिकलने मारतात. पुरावा म्हणून रॅडिकल भेटला की चमकणारा रंग वापरला होता, आणि लोह बांधणारे रसायन घातल्यावर जास्त जिवाणू वाचत होते. कल्पना देखणी होती, म्हणूनच ती झपाट्याने पसरली असावी. २०१३ मध्ये दोन गटांनी ती तपासली. ऑक्सिजन नसतानाही औषधे जवळपास तितकेच जिवाणू मारत होती, आणि पेशीतले पेरॉक्साइड वाढल्याचेही दिसले नाही. तो रंगही फक्त याच रॅडिकलने चमकतो असे नव्हते. त्याच वर्षी आणखी एक खुलासा पुढे आला. लोह कमी पडले की श्वसनसाखळीला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीला) लागणारे लोह-गंधकाचे गुच्छ नीट बनत नाहीत, ती मंदावते आणि तिच्याच जोरावर आत येणारे अमिनोग्लायकोसाइड औषध (त्या तीन गटांपैकी एक) पेशीत शिरतच नाही. जिवाणू वाचतात ते औषध बाहेरच राहिल्यामुळे. २००७ चा दावा करणाऱ्या मूळ गटाने नंतर उत्तर दिले, दुय्यम नुकसान होतच असेल, पण सर्वांना एकच मृत्यू हे सूत्र तेव्हापासून लंगडे झाले आहे.

औषधनिर्मितीला या निकालासाठी थांबावे लागले नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक सिडेरोफोरसारखे लोह धरते. जिवाणूच ते ओढून आत घेतो, आणि मग ते बाकीच्या बीटा-लॅक्टमांप्रमाणे (पेनिसिलिनच्या कुळातील औषधांप्रमाणे) पेशीभित्तीवर घाव घालते.