अँजिओग्राफी नॉर्मल, तरी हृदयाला फुगा

‘अँजिओ क्लिअर आलीय, आता काय काळजी नाही.’ मिरजेत दवाखान्यांच्या आसपास हे वाक्य हमखास कानावर पडतं. बहुतेकदा ते खरंही असतं. पण अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या. स्नायूची भिंत कशी आहे, हा प्रश्न वेगळा.

डावा निलय, म्हणजे अंगभर रक्त ढकलणारा खालचा कप्पा. त्याच्या भिंतीला कधी कधी फुगा येतो. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. बहुतेक वेळा कारण जुना हार्ट अटॅकच असतं. पण नळ्या स्वच्छ असतानाही तो येतो, आणि गंमत त्यातच आहे.

सायकलच्या जुन्या ट्यूबला हवा भरताना एकाच जागी फुगा येतो. आतला दाब तर सगळीकडे सारखा, हे पास्कलने शाळेतच शिकवलंय. मग तिथेच का? उत्तर लाप्लासच्या सूत्रात आहे. गोल पोकळीच्या भिंतीतला ताण = दाब × त्रिज्या ÷ (2 × जाडी). त्रिज्या अडीच सेंटिमीटर, जाडी 1 सेंटिमीटर आणि दाब 120 धरा. ताण येतो 150. आता एका जागी जाडी पाव सेंटिमीटर करा. ताण थेट 600! बीपी तेवढंच, ताण चौपट. ताणामुळे भिंत आणखी पातळ होते, त्रिज्या वाढते, म्हणून ताण आणखी वाढतो. हे चक्र थोपवतो तो व्रणातला, म्हणजे स्नायूची जखम भरून आलेल्या जागेतला, कोलॅजेन हा चिवट धाग्यांसारखा पदार्थ. म्हणूनच असा जुना फुगा सहसा फुटत नाही.

खरा निलय काही चेंडू नव्हे. टोकाशी भिंत मुळातच एक-दोन मिलिमीटरची असते, पण तिथली त्रिज्याही लहान, म्हणून निभावतं.

आता सूत्रातलं एकेक अक्षर बिघडवा. सार्कॉइडोसिस या आजारात दाहाच्या गाठी स्नायू खातात, जाडी घटते. ब्राझीलच्या कार्लोस चागास यांनी 1909 मध्ये वर्णन केलेल्या, लॅटिन अमेरिकेतल्या ढेकणासारख्या किड्यातून पसरणाऱ्या रोगातही तेच होतं, तेही बहुधा टोकाशी. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार, त्याच्या एका प्रकारात कप्प्याची कंबर आवळली जाते, टोकाकडे रक्त कोंडतं आणि तिथला दाब चढतो. काहींना मायट्रल झडपेच्या (डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप) कड्याखाली जन्मतःच कच्चा सांधा असतो.

हळदीच्या सांगलीत ‘ब्लॉकेज खोलणाऱ्या’ काढ्यांच्या मेसेजना तोटा नाही. इथे तर ब्लॉकेजच नाही. काढा खोलणार काय?

फुग्यात रक्त रेंगाळून गुठळी होते, ती मेंदूत गेली तर लकवा. व्रणाच्या कडेने हृदयातले विजेचे संकेत गोल फिरू लागले तर ठोके बेफाम होतात. त्यामुळे कुणाला रक्त पातळ करणारी गोळी, कुणाला छातीत बसवायचं शॉक देणारं यंत्र, तर कुणाला शस्त्रक्रिया लागते. साध्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) टोकाचा फुगा निसटू शकतो. शंका असेल तर कार्डिअ‍ॅक एमआरआय करतात, त्यात फुगा आणि व्रण दोन्ही दिसतात.