वृत्तमाध्यम धुरिणांची निवासी बैठक

वृत्तपत्रे, वाहिन्या आणि बातम्यांची संकेतस्थळे चालवणारे मालक, संपादक व व्यवस्थापक दोन-तीन दिवस एकत्र राहतात आणि व्यासपीठ, निवेदक, ठराव यांवाचून आपल्या व्यवसायाविषयी बोलतात, त्या प्रथेला हे नाव देता येते. बोलण्यात तिला ‘रिट्रीट’ म्हणतात. ‘चिंतन शिबिर’ हा राजकीय पक्षांनी रुळवलेला शब्दही वापरला जातो. पण शिबिरात वरच्याने बोलायचे आणि खालच्याने ऐकायचे असते, आणि इथे नेमके तेच टाळायचे असते. गोव्यातल्या वाचकाला बल्कांव आठवला तरी पुरे. घराच्या दर्शनी सोप्यावर तिन्हीसांजेला शेजारी टेकतात, विषय कोणी ठरवलेला नसतो, आणि गावातली खरी बातमी तिथेच कळते.

या बैठकांची आजची रीत बऱ्याच अंशी अमेरिकी सल्लागार हॅरिसन ओवेन यांच्या ‘ओपन स्पेस’ पद्धतीतून आली. एका मोठ्या परिषदेत सर्वांत उपयोगी काय ठरले, तर मधली चहा-कॉफीची सुट्टी, असे सहभागींचे म्हणणे पडले. ओवेन यांनी १९८५ मध्ये त्या सुट्टीलाच परिषदेचे रूप दिले. पहिल्या सकाळी भिंतीवर कोरा तक्ता लागतो, ज्याला जो विषय काढायचा तो त्यावर लिहितो. जिथे आपल्याकडून काही दिले जात नाही आणि मिळतही नाही, तिथून निःसंकोच उठून दुसऱ्या गटात बसायचे, याला ‘दोन पायांचा नियम’ म्हणतात. कॅलिफोर्नियातील सेबास्टोपोल येथे २००३ पासून भरू लागलेल्या ‘फू कॅम्प’ या निमंत्रितांच्या मेळाव्याने ही रीत तंत्रज्ञांमध्ये आणि पुढे पत्रकारांमध्येही नेली.

दुसरी परंपरा मालकवर्गाची. अमेरिकेत आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे अ‍ॅलन अँड कंपनी ही गुंतवणूक बँक १९८३ पासून माध्यमसम्राटांना बोलावते. जुलै २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट कंपनीचे प्रमुख डोनाल्ड ग्रॅहम आणि अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस तिथे भेटले, आणि ५ ऑगस्टला वॉशिंग्टन पोस्ट बेझोस यांना २५ कोटी डॉलरना विकल्याचे जाहीर झाले. डोंगरातल्या अशा भेटीत शेकडो पत्रकारांचे भवितव्य ठरू शकते, म्हणून या प्रथेकडे केवळ सहल म्हणून पाहणे चूक आहे.

गोव्याला अशा बैठकांची ओळख राजनयातून झाली. नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल प्रमुखांची परिषद भरली, आणि मधल्या शनिवार-रविवारी सारे नेते अनौपचारिक चर्चेसाठी आग्वादला आले. आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरील ‘गोवा जाहीरनामा’ त्यातूनच निघाला. माध्यमांच्या लोकांना गोवा सोयीचा पडतो तो वेगळ्या कारणांनी. मुंबई-दिल्लीच्या वृत्तदालनांपासून तो पुरेसा लांब आहे, दाबोळीच्या जोडीला २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू आहे, आणि पावसाळ्यात हॉटेलांचे दर उतरतात. २००६ मध्ये सुरू झालेला जाहिरात क्षेत्रातील ‘गोवाफेस्ट’ हा मात्र पारितोषिकांचा जाहीर सोहळा. त्याची या प्रथेशी गल्लत करू नये.

गुप्ततेसाठी लंडनच्या चॅटम हाउस या अभ्याससंस्थेचा १९२७ चा नियम सर्रास पाळतात. ऐकलेली माहिती वापरायला मोकळीक, पण ती कोणी दिली, तो कुठल्या संस्थेचा, बैठकीला आणखी कोण होते, हे उघड करायचे नाही. ‘ऑफ द रेकॉर्ड’पेक्षा हे निराळे, कारण तिथे माहितीच वापरायची नसते. खप घसरल्याची, वर्गणीची योजना फसल्याची कबुली प्रतिस्पर्ध्यासमोर द्यायची तर असा आडोसा लागतोच. ज्याचे वर्तमानपत्र तोट्यात आहे, त्याला भाषणात ते सांगता येत नाही. जेवणाच्या पंगतीत सांगता येते.

या आडोशाला कायद्याची कड मात्र आहे, आणि ती आयोजकांनी पहिल्याच दिवशी वाचून दाखवावी इतकी महत्त्वाची आहे. भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात ‘करार’ या शब्दात तोंडी समजुतीही येतात. लेखी नसणे हा बचाव होत नाही. वृत्तपत्री कागदावर २०१९ मध्ये १० टक्के आयातशुल्क लागले, २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आले. त्याची झळ कशी सोसली, यावर बोलण्यात गैर काही नाही. ‘आपण सगळेच अंकाची किंमत एक रुपयाने वाढवू’ असे कोणी म्हणाले की प्रकरण कायद्याच्या कक्षेत जाते. एकत्र येऊन उघडपणे दाद मागण्याची वाट वेगळी. डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेने गूगलविरुद्ध केलेल्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला.

खोलीत कोण बसते, यावर बैठकीचा कस ठरतो. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच उतरला. २०११ च्या जनगणनेत जेमतेम साडेचौदा लाख लोकसंख्या असलेल्या या राज्यात मराठी, कोंकणी आणि इंग्रजी दैनिके शेजारी-शेजारी विकली जातात. ‘गोमंतक’ १९६२ पासून आणि ‘नवप्रभा’ १९७० पासून मराठीत निघते. एकाच घरात आजोबा मराठी अंक वाचतात, सून इंग्रजी, आणि नातू बातमी फक्त फोनवर पाहतो. भाषा बदलताना वाचक कसा टिकवावा, हा राष्ट्रीय समूहांना पडलेला प्रश्न पेडण्यापासून काणकोणपर्यंत अंक पोचवणारा वितरण व्यवस्थापक रोज हाताळतो. दोना पावलाच्या सभागृहात त्याच्यासाठी खुर्ची ठेवली आणि त्याला मराठीत बोलू दिले, तर पाहुण्यांना इथून नेण्यासारखे बरेच मिळेल.