आबांचा ऑर्गन आणि संगीत रंगभूमी

माझे आजोबा, घरादाराचे आबा, संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत, प्रेक्षकांकडे पाठ करून आणि नटाच्या तोंडाकडे नजर लावून त्यांनी आयुष्य काढलं. ते गेल्यापासून त्यांच्याबद्दल लिहावं असं फार वाटतं आहे, पण नुसत्या आठवणी लिहिल्या तर निम्म्या गोष्टींचा उलगडा होत नाही. ऐन उमेदीच्या वयात त्यांनी एका पेढीवर हिशेब का लिहिले, रेडिओवर ते कधीच का वाजले नाहीत, आणि तिशीच्या आसपास अचानक महिनोन्महिने घरी का दिसेनासे झाले, याची उत्तरं आमच्या घरात नाहीत. ती रंगभूमीच्या आणि त्या वाद्याच्या इतिहासात आहेत.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा गाणं सूत्रधाराकडे होतं. पात्रं सोंगं आणायची, कथानक सूत्रधार पदांतून पुढे न्यायचा. ही मांडणी बदलली ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चे पहिले चार अंक त्या दिवशी झाले आणि त्यात दुष्यंत, शकुंतला, कण्व आपापली पदं स्वतः गायले. पुढे १८८२ मध्ये 'सौभद्र' आलं आणि हा प्रकार महाराष्ट्राच्या अंगवळणीच पडला.

इतिहासात या बदलाचं वर्णन नटाच्या बाजूने होतं. साथीच्या बाजूने पाहिलं तर त्याच दिवशी एक नवं काम जन्माला आलं. नट बोलता बोलता गाऊ लागणार, पद संपलं की पुन्हा बोलणार, दहा मिनिटांनी दुसऱ्याच रागात शिरणार. मैफलीतल्या गवयासारखा तंबोरा त्याच्या कानाशी नाही. त्याला सूर कोण देणार? सुरुवातीला ही जबाबदारी सारंगीवर होती. गळ्याच्या इतकं जवळ जाणारं दुसरं वाद्य नाही. पण ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात, मोठ्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला तिचा आवाज कमी पडायचा, आणि प्रयोगभर ती सुरात ठेवणं हेही जिकिरीचं. एकदा लावलेला सूर न हलणारं आणि मांडव भरून टाकणारं वाद्य हवं होतं.

ते परदेशातून आलं. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तिची मांडीवर किंवा जमिनीवर ठेवून वाजवायची हातपेटी भारतात घडली, आणि पायाने भाता मारायचा ऑर्गन, म्हणजे आपली पायपेटी, परदेशी कारखान्यांतून आयात होत राहिली. अमेरिकेत एस्टी, मेसन अँड हॅम्लिन यांसारख्या कारखान्यांनी हे ऑर्गन प्रचंड संख्येने बनवले. ते तिकडच्या छोट्या चर्चसाठी आणि दिवाणखान्यांसाठी होते. आपल्याकडे ते नाटक कंपन्यांच्या सामानात जाऊन बसले. युरोपी हार्मोनियममध्ये भाता हवा सुरांमधून, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी पात्यांमधून, बाहेर ढकलतो, अमेरिकन ऑर्गनमध्ये तो ती आत ओढून घेतो. त्यामुळे या ऑर्गनचा आवाज गोल आणि मऊ. गायकाच्या आवाजाखाली तो पसरतो, त्याच्यावर चढत नाही.

भाता पायाकडे गेल्याने दोन्ही हात मोकळे झाले, आणि साथीची सगळी कला त्यात आहे. आबांचा उजवा हात पदाच्या चालीबरोबर जायचा, डावा षड्ज-पंचम धरून ठेवायचा किंवा खालच्या सप्तकात भरणा करायचा. गुडघ्याजवळच्या पट्टीला बाहेर रेटलं की आवाज वाढतो. नट तान घेऊन समेवर येताना आबांचा गुडघा नकळत बाहेर जायचा आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द येण्याआधी परत आत. प्रेक्षकाला यातलं काही जाणवायचं नाही. जाणवलं तर साथ चुकली, असं ते म्हणत.

पदाआधीचं गद्य सुरू असताना काय करायचं हा तर वेगळाच अभ्यास होता. शेवटच्या दोन वाक्यांत अगदी हलका षड्ज सोडायचा. संवाद झाकला जाता कामा नये, पण नटाच्या कानात तो शिरलाच पाहिजे. नटाचा आवाज त्या रात्री बसलेला असेल तर ठरलेल्या काळी दोनऐवजी पांढरी दोन, म्हणजे गाण्याची पट्टी एक पायरी खाली. म्हणून नाटकातलं प्रत्येक पद बाराही पट्ट्यांत हाताखाली असावं लागे. 'वन्स मोअर' आला की नट कुठल्या ओळीपासून उचलणार हे तो सांगत नाही. श्वास घेतानाच्या त्याच्या खांद्यांवरून ते ओळखायचं. आबांच्या वह्यांत पदांच्या पहिल्या ओळींपुढे नटांची आद्याक्षरं आणि त्यांच्या पट्ट्या आहेत. एकाच पदापुढे चार-चार.

पेटीवाल्याला मानाचं स्थान मिळवून दिलं ते मुख्यतः गोविंदराव टेंब्यांनी. कोल्हापूरच्या या माणसाने १९११ मध्ये खाडिलकरांच्या 'मानापमान'ला चाली दिल्या. पूरबकडच्या ठुमरी, कजरीचा ढंग मराठी पदांत आला आणि नाट्यसंगीताचं वळणच बदललं. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. एक पेटीवादक कंपनीचा भागीदार होता, ही गोष्ट आबा फार अभिमानाने सांगत. पुढे त्या मंडळींच्या प्रयोगांत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. 'स्वयंवर' आणि 'एकच प्याला'च्या त्या काळाकडे आबांच्या पिढीचे सगळेच साथीदार घराण्याकडे पाहावं तसं पाहत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी केलेला 'संयुक्त मानापमान' हे त्या वैभवाचं टोक. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले.

आबा जन्मले तेव्हा हे वैभव ओसरत होतं. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला, १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. त्यात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत, दोन्ही टेंब्यांचं. ज्यांनी रंगभूमीला चाली दिल्या तेच बोलपटाचे पहिले मराठी नायक झाले. मला हे त्या काळाचं सगळ्यात स्पष्ट चिन्ह वाटतं. १९३५ मध्ये बालगंधर्व 'धर्मात्मा'साठी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. दीनानाथांची बळवंत संगीत मंडळीही चित्रपटाकडे वळली. बापूराव पेंढारकर १९३७ मध्ये गेले आणि त्यांच्या ललितकलादर्श या नाटक कंपनीचं काम थांबलं. दुसरीकडे १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'ने नाटकातलं गाणं आटोपशीर केलं होतं. केशवराव भोळ्यांच्या त्या चाली सुंदरच होत्या, पण पंधरा-पंधरा मिनिटं पद खुलवणाऱ्या नटामागे बसलेल्या साथीदाराला तिथे काम थोडं उरलं.

कंपनी मोडणं म्हणजे नुसती नोकरी जाणं नव्हे. साथीदार, सुतार, रंगपट सांभाळणारे, आचारी अशा साऱ्यांचं बिऱ्हाडच उठायचं. अशा मोडलेल्या एका कंपनीतले म्हातारे ऑर्गनवादक आबांच्या गावी येऊन राहिले आणि त्यांच्याकडे आबा शिकले. शिकवणारा बेकार होता म्हणून शिष्याला रोज वेळ मिळाला. पुढच्या अनेक वर्षांचं त्यांचं भांडवल हे एवढंच.

मैफलीत किंवा रेडिओवर जावं तर तीही वाट बंद होती. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. तिचे सूर समान अंतरांवर पक्के बसवलेले, त्यामुळे रागातल्या श्रुती (सुरांमधले बारीक फरक) आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) तिच्यावर निघत नाहीत, हा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य आहे, आबाही ते मान्य करत. पण ज्यांची पोटं या वाद्यावर होती त्यांना त्या बंदीची झळ फार लांबवर लागली. १९७१ पासून ती टप्प्याटप्प्याने सैल झाली. ऑर्गन हार्मोनियमच्याच कुळातला, तेव्हा आबांना रेडिओचं दार उघडलंच नाही. पेढीवरचे हिशेब याच काळातले.

दिवस पालटायला अनेक हात लागले. भालचंद्र पेंढारकरांनी १९४२ मध्ये ललितकलादर्श पुन्हा उभी केली. मराठी रंगभूमीच्या शताब्दीनिमित्त डॉ. अ. ना. भालेराव आणि मुंबई मराठी साहित्य संघ यांनी १९४४ मध्ये मुंबईत मोठा नाट्यमहोत्सव भरवला आणि जुनी नाटकं बघायला लोक अजून येतात हे दिसलं. पुण्यात जयराम आणि जयमाला शिलेदारांची 'मराठी रंगभूमी' १९४९ पासून गावोगाव संगीत नाटकं नेऊ लागली. आणि मग १९६० मध्ये विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ' आलं, संगीत वसंत देसाईंचं. १९६४ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनचं 'मत्स्यगंधा', १९६७ मध्ये 'कट्यार काळजात घुसली'. या दोन्हींना जितेंद्र अभिषेकींच्या चाली. पदं छोटी झाली, पण रागाचा गाभा तसाच ठेवून. साथीदाराला आता विस्तारापेक्षा नेमकेपणा सांभाळायचा होता.

आबा घरी दिसेनासे झाले ते याच लाटेत. आता कंपनीचा पगार नव्हता, 'नाईट'वर काम होतं. ज्या संस्थेचा प्रयोग, तिच्यासाठी त्या दिवशी वाजवायचं. आज कोकणात जत्रेतलं नाटक, उद्या गोव्यात, परवा एखाद्या हौशी मंडळाच्या राज्य नाट्य स्पर्धेतल्या प्रयोगाला. नव्या नाटकांची चर्चा मुंबई-पुण्यात होत असे, पण साथीदारांचा संसार चालवला तो 'सौभद्र', 'शारदा', 'मानापमान' वर्षानुवर्षं करणाऱ्या हौशी मंडळांनी. नाट्यसंगीताच्या इतिहासात या मंडळांना मिळालेली जागा मला फार तोकडी वाटते. आबांच्या वह्यांत त्यांचीच नोंद सर्वाधिक आहे.

वाद्य सांभाळणं हा दुसरा संसार. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकायच्या, भात्याचं कापड उंदीर कुरतडायचे, धुळीचा एक कण पितळी सुरात गेला की तो सूर मुका. परदेशी कारखाने एकेक करून बंद पडले, एस्टीचं कामही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर थांबलं. सुटे भाग मिळेनात. एक ऑर्गन चालता ठेवायला दुसरा मोडीत काढावा लागे. आमच्याकडच्या मेसन अँड हॅम्लिनमध्ये तीन निरनिराळ्या वाद्यांचे सूर आहेत आणि ते आबांनी स्वतः घासून जुळवलेले आहेत.

कीबोर्ड आल्यावर त्यांचे प्रयोग कमी झाले. त्यांनी शेवटपर्यंत कीबोर्डला नावं ठेवली नाहीत. एसटीच्या टपावर चढवता येतं, हाच त्याचा मोठा गुण, असं ते मनापासून म्हणत. शिष्यांना मात्र त्यांनी ऑर्गनवरच बसवलं, कारण पायाने श्वास भरल्याशिवाय गाणाऱ्याचा श्वास कळत नाही अशी त्यांची खात्री होती.

साथीदारांचा इतिहास लिहायचा तर साधनं तुटपुंजी आहेत. जुन्या तबकड्यांच्या लेबलांवर गायकाचं नाव असे, साथ कोणाची हे बहुधा नसे. भालचंद्र पेंढारकरांनी संगीत नाटकांची ध्वनिमुद्रणं चिकाटीने करून ठेवली, त्यामुळे प्रत्यक्ष प्रयोगातली साथ आज ऐकता तरी येते. आबांच्या वह्यांतून आता आम्ही एक यादी करतो आहोत: नाटक, गाव, पद, नटाची पट्टी, आणि त्या रात्री तबल्यावर कोण होतं. तबलजींची नावं त्यांनी प्रत्येक प्रयोगापुढे लिहिली आहेत. स्वतःचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, ते आम्ही घालतो आहोत. कोकणात आता नव्याने ऑर्गन घडू लागले आहेत, तिथली मुलं स्पर्धांच्या प्रयोगांना वाजवतात. त्यांच्यापैकी ज्यांना पट्ट्यांच्या नोंदी हव्या आहेत त्यांच्यासाठी 'सौभद्र' आणि 'मानापमान'ची पानं आधी उतरवून झाली आहेत, 'शारदा'चं काम चालू आहे.