तार उतरते, सॅक्सोफोन चढतो

गिटारची सहावी, सगळ्यात जाड तार घ्या. बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूपट्टीच्या, बरोबर वर तिला बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि दुसऱ्या हाताने तार छेडून बोट लगेच उचला. एक सप्तक वरचा, पातळ आणि स्वच्छ सूर निघतो. तारेचा मध्य अडवल्यामुळे पूर्ण लांबीचं कंपन विझलं आणि दोन अर्ध्या भागांचं तेवढं उरलं. गिटारवाल्यांनी ही गंमत कधी ना कधी केलेलीच असते.

गिटारवाल्याने सॅक्सोफोन शिकायला घेतला की हीच गंमत डाव्या अंगठ्याखाली सापडते. तिथली ऑक्टेव्ह की दाबली की नळीवर एक बारीक भोक उघडतं. आतल्या हवेचं मूळ कंपन त्या गळतीमुळे टिकत नाही आणि दुप्पट वारंवारितेचं कंपन पुढे येतं. बाकीची बोटं होती तिथेच. खरं तर अशी दोन भोकं असतात, एक मानेवर आणि एक अंगावर. कुठल्या सुराला कुठलं उघडायचं ते कीला जोडलेल्या दांड्या आपसूक ठरवतात, वाजवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

क्लॅरिनेटवर ही सोय नाही. त्याची नळी जवळजवळ सगळीकडे सारख्याच रुंदीची, त्यामुळे तो सप्तकभर न उडता थेट वरच्या सप्तकातल्या पंचमावर जातो आणि वरच्या सुरांसाठी बोटं नव्याने शिकावी लागतात. सॅक्सोफोनची नळी तोंडापासून कर्ण्यापर्यंत रुंदावत जाते, शंकूसारखी, आणि शंकूतल्या हवेचं कंपन थेट दुपटीवर उडी घेतं. बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ साक्सने या वाद्याचं पेटंट पॅरिसमध्ये 1846 साली घेतलं. लष्करी बँडला खालच्या पट्टीत दमदार आवाज हवा होता. पुढे इंग्रजांच्या पलटणींच्या बँडमार्फत अशी वाद्यं आपल्याकडे आली आणि लग्नाच्या वरातीत रुळली. पितळी असूनही सॅक्सोफोनची गणना बासरी-क्लॅरिनेटच्या घराण्यात होते, कारण आवाज काढते ती बोरूसारख्या गवताची एक पट्टी, म्हणजे रीड. साक्री-नवापूरकडे आदिवासी वाजवतात त्या पावरीतही आवाज थरथरणाऱ्या जिभेनेच निघतो.

बोटांचा प्रश्न गिटारवाल्याला फार दिवस छळत नाही. डावा-उजवा हात वेगवेगळं काम करायला सरावलेले असतात, कान तयार असतो, सरगम पाठ असते. अडतं ते दुसरीकडेच.

गिटारवर दर फ्रेटला कंप पावणारी लांबी साधारण 5.6 टक्क्यांनी घटते आणि सूर बरोबर अर्ध्या स्वराने चढतो. तार एकदा जुळवली की प्रत्येक सुराची जागा कारखान्यात फ्रेट ठोकणाऱ्याने ठरवून ठेवलेली असते. सॅक्सोफोनची भोकं सुराचा फक्त मुक्काम सांगतात. तिथे नेमकं पोचवायचं काम ओठ, श्वास आणि गळा यांचं. नवख्याला हे मान्य करायला वेळ लागतो. बोटं बरोबर असूनही सूर बेसूर का, असं तो विचारत राहतो.

माउथपीसचं, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचं, टोक आणि रीड यांच्यात जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची फट असते. फुंकलं की रीड त्या फटीची झडप होते. उघडते, मिटते, सेकंदाला शेकडो वेळा. खालचा ओठ दातांवर दुमडून रीडखाली गादीसारखा ठेवायचा असतो. घाबरून चावलं की फट आवळते आणि सूर वर सरकतो. ढिलं सोडलं की खाली. पहिले काही दिवस जत्रेतली पिपाणीच वाजते, आणि गिटारने बोटांच्या टोकांना दिलेले घट्टे इथे काहीच कामाचे नसतात. ओठ दुखतो.

एक गोष्ट तर चक्क उलटी आहे. गिटारवर मींड घ्यायची तर तार बाजूला ओढतात. ताण वाढतो, म्हणजे सूर फक्त वरच जाऊ शकतो. सॅक्सोफोनवर ओठ सैल करून खाली उतरणं सोपं, वर चढवायला मात्र फारशी जागा नसते. त्यामुळे गिटारवाला ज्या ठिकाणी सवयीने सूर वर खेचायला जातो, तिथे सॅक्सवाला खालून येऊन सुरावर टेकतो. कद्री गोपालनाथ यांनी या किल्ल्यांच्या, म्हणजे कींच्या, वाद्यावर कर्नाटक संगीतातले गमक वाजवले, ते ऐकताना ओठाचं हे काम कान देऊन ऐकावं.

गळ्याचं काम त्याहून नवलाचं. सगळ्या किल्ल्या बंद करून सर्वांत खालचा सूर धरा, आणि एकही बोट न हलवता नुसत्या गळ्याच्या आकाराने वरचे सूर काढा. आधी सप्तकावरचा, मग त्याच्यावरचा पंचम, मग दोन सप्तकं वरचा, मग त्याचा गंधार. गिटारवाल्याला हे सूर ओळखीचे आहेत. बाराव्या, सातव्या, पाचव्या आणि चौथ्या फ्रेटवर बोट टेकवून तो तेच काढत आलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या चेन, स्मिथ आणि वुल्फ या संशोधकांनी 2008 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याची मोजणी छापली. वाजवणाऱ्याच्या तोंडातल्या पोकळीचा अनुनाद, म्हणजे ती कुठल्या सुराला घुमते ते, त्यांनी वाजवता वाजवता मोजला. नेहमीच्या पट्ट्याच्या वरचे अतिउंच सूर काढताना कसलेले वादक गळ्याचा अनुनाद त्या सुराशी जुळवत होते. ज्यांना ते जमत नव्हतं, त्यांना ते सूरही निघत नव्हते. रोजचा लांब सुरांचा कंटाळवाणा रियाझ टाळू नये, तो याचसाठी.

आता खान्देशातल्या उन्हाकडे येऊ. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो आणि वेग वाढला की नळीचा सूर चढतो. धुळ्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास असतो, तेव्हा ध्वनी सेकंदाला सुमारे 337 मीटर धावतो. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, जळगाव-भुसावळला 45 अंश झाले की हाच वेग 358 होतो. फरक सहा टक्क्यांचा, म्हणजे गिटारचा जवळजवळ एक अख्खा फ्रेट. प्रत्यक्षात एवढं घडत नाही, कारण नळीत आपला श्वास भरतो आणि तो साधारण अंगाच्या तापमानाचा असतो. थंडीत त्या श्वासाने वाद्य तापतं आणि वाजवता वाजवता सूर चढतो. मे महिन्याच्या दुपारी गंगा उलटी वाहते. बाहेरची हवा श्वासापेक्षा गरम असते, त्यामुळे पहिली फुंक चढी लागते आणि पुढे सूर उतरायला लागतो.

त्याच दुपारी शेजारच्या गिटारची पोलादी तार उन्हाने लांबते. मानेचं लाकूड त्या मानाने कमी वाढतं. तार ढिली पडते आणि सूर उतरतो. एक वाद्य वर, दुसरं खाली. सकाळी घरात ट्यूनर लावून दोघं जुळले असतील तरी दुपारच्या मांडवात एकमेकांना टोचतात. गिटारला खुंट्या आहेत. सॅक्सोफोनवाल्याकडे मानेवरचा बुचाचा पट्टा आहे. माउथपीस त्यावर थोडं बाहेर ओढलं की नळी लांबते आणि सूर उतरतो, आत ढकललं की चढतो. म्हणून जुळवायचं ते मांडवात उभं राहून, चार-पाच मिनिटं वाजवून झाल्यावर. घरून जुळवून आणलेल्या वाद्याला इथे अर्थ नाही. आणि दोघांपैकी कोणीही आपलं वाद्य उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. गिटारचे सांधे डिंकाने धरलेले असतात, तो डिंक तापून सैल पडतो.

रीडला मात्र उष्म्यापेक्षा कोरडेपणा जास्त बाधतो. बोरूसारख्या पोकळ दांड्याच्या गवतापासून ती कापतात. हे गवत दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठी चांगलं पिकतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ओल्या रीडचं पातळ टोक भराभर सुकतं आणि त्याला लाटा पडतात. मग ती माउथपीसवर सपाट बसत नाही आणि हवा गळते. टोक पुन्हा सपाट होईपर्यंत ती तोंडात भिजवायची. नवख्याने दोन किंवा अडीच नंबरची, म्हणजे मऊशी रीड घ्यावी. जाड रीड लावली की आवाज भारदस्त येतो हा समज ओठाला महागात पडतो.

राहिला पट्टीचा घोळ. आल्टो सॅक्सोफोनवाला ज्याला ‘सी’ म्हणतो, तो पेटीवर काळी दोन असतो. गिटारवाल्यांचं लाडकं ‘ई’ मेजर आल्टोवर सात शार्पचं, म्हणजे सातही सूर अर्ध्या स्वराने चढवलेलं, होऊन बसतं, आणि नवखा तिथेच हात टेकतो. उपाय गिटारच्याच पिशवीत आहे. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा. आता गिटारचा ‘सी’ आणि आल्टोचा ‘सी’ कागदावर एक, कानाला एक, सप्तकसुद्धा तेच. दोघांनी एकाच वहीतून वाजवावं. टेनर, म्हणजे आल्टोहून मोठा सॅक्सोफोन, घेतलात तर मात्र सगळं काळी पाचपासून सुरू होतं, आणि दहाव्या फ्रेटवर कॅपो लावून कोणी वाजवत नाही. तिथे हिशेब डोक्यातच करावा लागतो.