तळलेल्या नूडल्सची बेगमी

उन्हात वाळवलेल्या शेवया घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवल्या की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सहज पुरतात. पाकिटातले नूडल्स दिसायला त्यांच्यासारखेच कोरडे, पण त्यांना वर्षही निघत नाही. ‘स्वस्त आहेत, पंचवीस-तीस पाकिटं आणून माळ्यावर टाकू, अडीनडीला होतील’ असं आपण सहज म्हणतो. शेवया टिकतात आणि हे का टिकत नाहीत, याचं उत्तर मात्र जपानमधल्या एका घरामागच्या खोपटात सापडतं.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये तांदळाची मोठी टंचाई होती. अमेरिकेतून गव्हाचं पीठ येत होतं आणि सरकार लोकांना पाव खायला सांगत होतं. ओसाकातल्या उमेदा स्थानकाजवळच्या काळ्या बाजारात रामेनच्या एका टपरीपुढे, कडाक्याच्या थंडीत वाटीभर गरम नूडल्ससाठी माणसं लांबच लांब रांग लावून उभी होती. तैवानमध्ये 1910 साली जन्मलेले व्यापारी मोमोफुकु आंदो यांनी ती रांग पाहिली आणि ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. पुढे 1957 मध्ये ते प्रमुख असलेली एक पतसंस्था बुडाली आणि राहत्या घराखेरीज त्यांच्याकडे फारसं काही उरलं नाही. तेव्हा इकेदा गावातल्या त्या घरामागे खोपट बांधून ते कामाला लागले. वय 47. स्वतःला त्यांनी पाच अटी घातल्या होत्या: पदार्थ चवदार हवा, टिकाऊ हवा, करायला सोपा हवा, स्वस्त हवा आणि खाणाऱ्याला सुरक्षित हवा. म्हणजे साठवण हा नूडल्सचा नंतर लक्षात आलेला उपयोग नव्हे, तो पहिल्या दिवसापासून डोक्यात होता.

अडलं होतं ते वाळवण्यावर. उन्हात किंवा हवेवर वाळवलेले नूडल्स टिकत, पण गरम पाण्यात लवकर मऊ पडत नसत. उत्तर स्वयंपाकघरात मिळालं, असं सांगतात. पत्नी तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळायची जपानी भजी, तळत होती. ओलं पीठ तेलात पडलं की आतलं पाणी बुडबुड्यांनी बाहेर निघतं आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं राहतात. भजी तळताना आपणही हे रोज पाहतो. नूडल्सचंही तेच होतं. तळल्यावर त्यांत पाणी इतकं कमी उरतं की बुरशी-जंतू वाढत नाहीत, आणि उकळतं पाणी ओतलं की त्याच छिद्रांतून ते आत शिरतं. 25 ऑगस्ट 1958 रोजी ‘चिकन रामेन’ बाजारात आलं. किंमत 35 येन. ताजे उदोन, म्हणजे गव्हाचे जाड नूडल्स, तेव्हा 6 येनला मिळत. घाऊक व्यापाऱ्यांना ही वस्तू महागच वाटली. पाकीट स्वस्त झालं ते पुढे, कारखाने वाढले आणि एकापाठोपाठ एक कंपन्या या धंद्यात उतरल्या तेव्हा.

अडचणीचं मूळही त्या कढईतच आहे. तळलेल्या नूडल्सच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा तेल असतं आणि तेल खवट होतं. दिवाळीचा चिवडा संक्रांतीनंतर कसा लागतो हे आपल्याला ठाऊक आहे. हवाबंद वेष्टनामुळे नूडल्स जास्त तग धरतात, पण कायमचे नाही. जपानमध्ये 2014 पर्यंत पाकिटांना 6 महिने आणि कपातल्या नूडल्सना 5 महिने अशी मुदत असे, पुढे ती अनुक्रमे 8 आणि 6 महिन्यांवर गेली. आपल्याकडेही ती वर्षाच्या आतच असते. माळ्यावरच्या उष्णतेत तेल लवकर बिघडतं, म्हणून घरातला थंड, कोरडा, अंधारा कोनाडा बरा.

ज्यात उकळतं पाणी ओतून तसेच खायचे, असा नूडल्सचा कप 1971 च्या सप्टेंबरमध्ये आला. 100 येन किंमत ऐकून दुकानदार बिचकले. तेव्हा आंदो यांच्या कंपनीने रात्रपाळीची माणसं, अग्निशमन दल, संरक्षण दल अशी गिऱ्हाइकं गाठली. संकटाच्या जागी हा कप पहिल्यांदा साऱ्या देशाने पाहिला तो 1972 च्या फेब्रुवारीत. नागानो प्रांतातल्या डोंगरावर असामा-सान्सो नावाच्या बंगल्यात सशस्त्र अतिरेक्यांनी एका स्त्रीला ओलीस धरलं होतं. वेढा दहा दिवस चालला. थंडी अशी की पोलिसांच्या डब्यातला भात गोठत होता. गरम खायला मिळत होते ते कपातले नूडल्स, आणि ते खाणारे पोलीस दूरचित्रवाणीवर घरोघरी दिसले.

तरीही घरातला आपत्कालीन खाऊ बराच काळ ‘कानपान’च राहिला. ही डब्यातली कडक बिस्किटं, पाच-पाच वर्षं टिकणारी. ती एरवी कोणी खात नाही, म्हणून डबा विसरला जातो आणि गरजेच्या वेळी मुदत संपलेला निघतो. 17 जानेवारी 1995 च्या पहाटे कोबेला भूकंप झाला, 6,400 हून अधिक माणसं गेली. नळगॅस पूर्ववत व्हायला जवळजवळ तीन महिने लागले. 11 मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीनंतर तर फारसं नुकसान न झालेल्या टोकियोतही दुकानांतून पाणी, पाव आणि कपातले नूडल्स दिसेनासे झाले.

त्यानंतर ‘रोलिंग स्टॉक’ हा शब्द तिथे सरकारी पत्रकांपासून स्वयंपाकघरापर्यंत रुळला. रोज खातो तेच थोडं जास्त आणायचं, जुनं आधी संपवायचं, संपलं तेवढं भरायचं. कोकणात पावसाळ्याआधी बेगमीची अगोट भरतात, गोव्यात तसंच पुरुमेंत करतात, त्यामागेही खाऊन संपवण्याचाच हिशेब असतो. अल्पायुषी नूडल्सना हीच पद्धत जमते. दर महिन्याला दोन पाकिटं खाणाऱ्या घरात दहा पाकिटांचा साठा कधी खवट होणार नाही, आणि न खाणाऱ्या घरात तीसही वाया जातील. मला तर वाटतं, घरात आवडत नसतील तर साठवूच नयेत. त्यापेक्षा चणे, चुरमुरे, सातूचं पीठ बरं.

पाण्याचा हिशेब मात्र लोक हमखास विसरतात. जपान सरकार घरात किमान तीन दिवसांचं आणि शक्य तर आठवड्याचं अन्न ठेवायला सांगतं, त्याबरोबर माणशी रोज 3 लिटर पाणीही. एका कपाला सुमारे 300 मिलिलिटर पाणी लागतं, पाकिटाला त्याहून जास्त. शिवाय एका कपात 5 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, त्यामुळे तहान वाढते ती वेगळीच. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपानंतर जपानच्या नोतो द्वीपकल्पात काही ठिकाणी नळाला कित्येक महिने पाणी नव्हतं. तिथे नुसत्या पाकिटांनी काय भागणार?

इंधन नसेल तर निभावतं. टोकियो महानगर पोलिसांच्या आपत्ती विभागानेच लोकांना सांगितलं होतं की कपात साधं पाणी ओतून पंधरा मिनिटं ठेवलं तरी नूडल्स खाण्याजोगे होतात. हे जमतं ते तळलेल्या नूडल्सच्या त्या छिद्रांमुळे. गरम हवेवर वाळवलेले, न तळलेले नूडल्स हल्ली पुष्कळ मिळतात, पण गार पाण्यात ते नीट भिजत नाहीत.