गिटमधले कमिट न केलेले बदल उडवायचेत? थांबा, आधी हे वाचा

साइट बनवून दिली की आम्ही कोडचा ॲक्सेसपण देतो, म्हणजे भाव बदलणं, फोटो टाकणं असली बारीक कामं घरचा पोरगा नाही तं दुकानातला कोणी करून टाकतो, दरवेळी आयटी पार्कला चक्कर नको. मग फोन येतो तो बहुतेक एकच, काहीतरी हललं भाऊ, पहिल्यासारखं कसं करू?

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि कमिट म्हणजे त्यात बदल पक्का नोंदवणं. कमिट केलेलं गिट सहजासहजी विसरत नाही, चुकून उडालं तरी बहुतेक वेळा रिफ्लॉगमधून (गिटची आतली डायरी) सापडतं. पण जे कमिट नाही, ॲडपण (कमिटसाठी तयार करून ठेवणं) नाही, त्याची कॉपी गिटकडे नसतेच. रिसायकल बिन वगैरे काही नाही. म्हणून आमचं म्हणणं, उडवू नका, आधी बाजूला ठेवा.

समजा कळमना मार्केटमधल्या तुमच्या गाळ्याची साइट आहे, मृग बहाराच्या संत्र्याचे भाव टाकता टाकता सीएसएसची, म्हणजे डिझाइनची फाइल बिघडली, आता भाव ठेवायचेत पण डिझाइन जुनं पाहिजे. पहिले ‘गिट स्टेटस’, मग ‘गिट डिफ’, त्यात लाल ओळी जुन्या आणि हिरव्या तुमच्या. मग ‘गिट रिस्टोर’ आणि पुढे फक्त त्या सीएसएस फाइलचं नाव. नावाच्या जागी टिंब दिलं तं त्या फोल्डरमधले भावपण गेले समजा! (रिस्टोर 2019 मधल्या 2.23 व्हर्जनपासून आहे, जुन्या लॅपटॉपवर ‘गिट चेकआउट’, दोन डॅश, मग फाइलचं नाव.) फाइल आधीच ॲड केली असेल तर रिस्टोर मारून काहीच बदलणार नाही, पहिले ‘गिट रिस्टोर डॅश डॅश स्टेज्ड’ आणि फाइलचं नाव, मग परत साधं रिस्टोर करा.

सगळंच नको असेल तर ‘गिट स्टॅश पुश डॅश यू’, हे बदल बाजूला ठेवून देते. यू विसरू नका, नाहीतर नव्या फाइली तिथंच राहतात. साइट नीट चालली की आठ दिवसांनी ‘स्टॅश ड्रॉप’ करा, आणि मधेच आठवलं की अरे ते पाहिजे होतं, तर ‘स्टॅश पॉप’.

‘रीसेट डॅश डॅश हार्ड’ काही न विचारता सगळं पुसते, ॲड न केलेल्या नव्या फाइली तेवढ्या राहतात, मग लोक त्या काढायला नेटवरून ‘गिट क्लीन’ उचलतात आणि खरी गडबड तिथं होते. आधी ‘क्लीन डॅश एन’ करा, काय काय जाणार ते नुसतं दाखवते. क्लीनला ‘डॅश एक्स’ तर लावूच नका, पेमेंट गेटवेची की असलेली डॉट ईएनव्ही फाइलपण जाते आणि ती रिपॉझिटरीत (गिटच्या साठ्यात) नसते, त्यामुळे परत क्लोन करून, म्हणजे कोड नव्यानं उतरवूनही येत नाही.

उडालंच असेल तर एडिटर बंद करू नका, कंट्रोल झेड मारून पाहा, व्हीएस कोडमध्ये टाइमलाइन पाहा, तिथं सेव्ह केलेल्या जुन्या कॉपी सापडतात. एकदा जरी ॲड केलं असेल तर ‘गिट एफएससीके’ (हरवलेलं शोधणारी कमांड) वापरून आम्ही काढून देऊ शकतो, फक्त त्याच्याआधी आणखी कमांड मारत बसू नका. फोन करा आणि स्टेटसचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप करा, मोबाइलनं काढलेला तिरपा फोटोपण चालतो.