नेक्सस की ग्लोबल एंट्री? कारने कॅनडा सीमा ओलांडणाऱ्यांसाठी

सिअ‍ॅटल–व्हँकुव्हर किंवा बफेलो–टोरांटो अशी कारने ये-जा असेल, तर तुमच्या कामाचं कार्ड बहुधा एकच: नेक्सस, म्हणजे आधीच तपासणी झालेल्या प्रवाशांना सीमेवर वेगळ्या, जलद लेनमधून जाऊ देणारं कार्ड. सेंट्री मेक्सिकोच्या सीमेसाठी आणि फास्ट मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरसाठी. खरा घोळ होतो तो नेक्सस आणि ग्लोबल एंट्रीमध्ये (अमेरिकेत शिरताना, मुख्यतः विमानतळावर, लवकर सुटका करणारी योजना).

१ ऑक्टोबर २०२४ पासून दोन्हींची फी १२० अमेरिकी डॉलर आहे (नेक्सस आधी ५० ला मिळायचं), मुदत ५ वर्षं. अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत मिळत नाहीत. नेक्ससचा अर्ज दोन्ही देश तपासतात. एकाने नाही म्हटलं की संपलं.

भारतीय पासपोर्ट असेल तर आधी हे पाहा. ग्रीन कार्ड किंवा कॅनडाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) असेल तर नेक्सस मिळू शकतं. एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर) असाल तर नाही. एच-१बीवाल्या भारतीयांना ग्लोबल एंट्रीचा अर्ज करता येतो, पण त्याचं कार्ड हातात मिळत नाही, म्हणजे फायदा विमानतळापुरताच. ग्रीन कार्डवाल्यांना ग्लोबल एंट्रीचं कार्ड मिळतं आणि अमेरिकेत शिरताना ते नेक्ससच्या लेनमध्ये चालतं. कॅनडात जाताना चालत नाही, तिथे साधी रांग. त्यामुळे तेवढ्याच पैशांत नेक्सस घेणं शहाणपणाचं. पीआरवाल्यांनी लक्षात ठेवावं, नेक्सस म्हणजे व्हिसा नव्हे. अमेरिकेचा व्हिसा लागतोच.

गाडीतल्या प्रत्येकाकडे कार्ड हवं. मागच्या सीटवरच्या तान्ह्या बाळाकडेसुद्धा. पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आलेले आजी-आजोबा सोबत असतील, तर चौघांची चार कार्डं असूनही साध्या लेनलाच लागा. आईवडिलांपैकी कोणी सदस्य असेल किंवा सोबत अर्ज करत असेल, तर १८ वर्षांखालच्या मुलांना फी नाही. अर्ज मात्र त्यांचा वेगळा.

अर्जात गेल्या ५ वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या खंड न ठेवता लिहा. मधले तीन महिने भारतात होतात, तर तेही. जुनी पोलीस केस मिटलेली असली तरी लपवू नका.

कार्ड घरी आलं की आधी ऑनलाइन ॲक्टिव्हेट करा. बूथजवळ ते कव्हरातून काढून रीडरसमोर धरायचं. कव्हरात असेल तर वाचलं जात नाही. पासपोर्ट बदलला की खात्यात नवा नंबर टाका.

आणि डब्यातलं संत्रं, चिकन, काहीही उरलेलं असो, विचारायच्या आत सांगा. न सांगता सापडलं तर दंड होऊ शकतो, कार्डही जाऊ शकतं.